अमेरिकन राज्यघटना आणि तिचे विरोधक



अमेरिकेच्या राज्यघटनेचा विषय निघाला म्हणजे वॉशिंग्टन, मॅडिसन, हॅमिल्टन आणि वृद्ध फ्रँक्लिन हीं चार नांवें आपोआप ओठांवर येतात. तें योग्यच आहे. परंतु ज्यांनीं १७८७ आणि १७८८ या दोन वर्षांत त्या घटनेला कसून विरोध केला, सभांतून आणि वृत्तपत्रांतून तिच्यावर टीकेची झोड उठविली आणि अखेर थोडक्या मतांनीं जे हरले, त्यांचीं नांवें अमेरिकेबाहेर फारशीं कोणाला ठाऊक नसतात. आज मला या हरलेल्या पक्षाविषयीं बोलावयाचें आहे. आज आपण ज्या घटनेचा गौरव करतों तिच्यांतील सामान्य माणसाला सर्वांत जिव्हाळ्याचा वाटणारा भाग या विरोधकांनीं भांडून मिळविलेला आहे, असें माझें मत आहे. आणि ज्या एका प्रश्नाचा निकाल त्या भांडणांत लागला नाहीं, तो पुढें रणांगणावर लावावा लागला.

आधीं एका शब्दाचा खुलासा केलेला बरा. अमेरिकेच्या घटकांना आपल्या जुन्या लेखकांनीं 'संस्थानें' म्हटलें, आणि तोच शब्द मी येथें वापरणार आहें. या संस्थानांत राजा नव्हता आणि गादीही नव्हती. लोकांनीं निवडलेलें विधिमंडळ होतें आणि ज्याचा त्याचा स्वतंत्र कारभार होता. १७७६ सालीं इंग्लंडच्या राजाशीं नातें तोडतांना हीं तेरा संस्थानें एकत्र आलीं तीं गांवावर दरोडा पडला म्हणजे शेजारी एकत्र येतात तशीं. दरोडेखोर पळाले म्हणजे जो तो आपापल्या घरीं जातो, आणि मशालीच्या तेलाचे पैसे कोणीं द्यावयाचे यावर तंटा सुरू होतो. येथेंही तसेंच झालें.

त्यांचा परस्परांतील करारनामा १७८१ च्या मार्चमध्यें अंमलांत आला. त्यांत प्रत्येक संस्थानाचें सार्वभौमत्व कायम राखलें होतें. काँग्रेस नांवाची एकच सभा. तेथें लहानमोठ्या प्रत्येक संस्थानाला एकच मत. महत्त्वाच्या कामाला नऊ संस्थानांची संमति. आणि करारांतील एक अक्षर बदलावयाचें झालें तरी तेराही विधिमंडळांची संमति. काँग्रेसला कर बसविण्याचा अधिकार नव्हता. तिनें मागणी करावी आणि संस्थानांनीं मनास येईल तेवढें द्यावें! युद्धाचें कर्ज फेडण्यासाठीं परदेशी मालावर शेंकडा पांच जकात बसवूं द्या, अशी विनंति काँग्रेसनें केली. १७८२ त ऱ्होड आयलंड या सर्वांत चिमुकल्या संस्थानानें 'नाहीं' म्हटलें आणि योजना बारगळली. दुसऱ्यांदा तशीच योजना पुढें आली. ती १७८६ त न्यूयॉर्कनें अडवून धरली. न्यूयॉर्कचें बंदर भरभराटलेलें, तेथील जकात त्यांच्याच तिजोरींत पडत होती; हातचें उत्पन्न कोण सोडतो?

त्याच वर्षाच्या उत्तरार्धांत मॅसॅच्युसेट्सच्या पश्चिम भागांतील कर्जबाजारी शेतकऱ्यांनीं कोर्टें बंद पाडण्यास सुरुवात केली. स्वातंत्र्ययुद्धांत लढलेला डॅनिअल शेज हा त्यांचा एक पुढारी. १७८७ च्या जानेवारींत हे लोक स्प्रिंगफील्ड येथील शस्त्रागारावर चालून गेले, त्यांच्यावर तोफा डागण्यांत आल्या आणि बंड मोडलें. परंतु त्या वेळीं काँग्रेसजवळ सैन्यही नव्हतें आणि पैसाही नव्हता. फौज उभारण्याचा खर्च बोस्टनच्या व्यापाऱ्यांनीं वर्गणीनें भागविला, ही गोष्ट साऱ्या देशानें पाहिली. मालमत्ता असलेल्या वर्गाच्या पोटांत भीतीचा गोळा उठला. फिलाडेल्फियाच्या परिषदेला जी गर्दी जमली तिच्या मागें ही भीति बऱ्याच अंशीं होती.

ही परिषद २५ मेपासून १७ सप्टेंबरपर्यंत चालली. बारा संस्थानांचे मिळून ५५ प्रतिनिधि केव्हां ना केव्हां तेथें हजर होते. ऱ्होड आयलंडनें मात्र कोणालाही पाठविलें नाहीं. काँग्रेसनें दिलेली आज्ञा जुन्या करारनाम्यांत दुरुस्त्या सुचविण्यापुरतीच होती. परिषदेनें दारें-खिडक्या लावून घेतल्या, चर्चेंतील अक्षरही बाहेर जाऊं नये असा नियम केला आणि करारनामा बाजूला ठेवून नवीच घटना रचण्यास घेतली. त्या बंद खोलींत काय घडलें हें आपणांस मुख्यतः मॅडिसनच्या टिपणांवरून कळतें. आणि तीं टिपणें छापून आलीं १८४० सालीं, त्याच्या मृत्यूनंतर चार वर्षांनीं. म्हणजे ज्या लोकांना घटना मान्य करावयाची होती त्यांना ती कशी तयार झाली हें कळण्याचा मार्गच नव्हता. विरोधकांच्या संशयाला पहिलें खाद्य येथेंच मिळालें.

मोठ्या आणि लहान संस्थानांचा तंटा प्रसिद्ध आहे, म्हणून त्यावर फार वेळ घालवीत नाहीं. व्हर्जिनियाची योजना दोन्ही गृहांत लोकसंख्येच्या मानानें प्रतिनिधि द्या म्हणत होती, न्यूजर्सीची योजना जुनें समान मत राखा म्हणत होती. १६ जुलैला तडजोड झाली: कनिष्ठ गृहांत लोकसंख्या, वरिष्ठ गृहांत समानता. ती संमत झाली पांच विरुद्ध चार संस्थानांच्या मतांनीं. मॅसॅच्युसेट्सचे प्रतिनिधि निम्मे इकडे, निम्मे तिकडे झाल्यानें त्याचें मत फुकट गेलें. न्यूयॉर्कचे दोघे प्रतिनिधि रागावून सहा दिवस आधीं घरीं निघून गेले होते. न्यू हॅम्पशायरचे अजून पोंचलेच नव्हते. संघराज्याचें तत्त्व म्हणून राज्यशास्त्राचे विद्यार्थी जें पाठ करतात तें अशा रीतीनें एका मताच्या फरकानें जन्मास आलें.

दुसरा सौदा याहून कडू होता. १७९० च्या खानेसुमारींत सुमारें ३९ लाख लोकवस्तीपैकीं जवळजवळ ७ लाख गुलाम होते, आणि त्यांतील बहुतेक दक्षिणेकडील संस्थानांत. गुलामाला मत नव्हतें. परंतु कनिष्ठ गृहांतील जागा वांटतांना त्याची गणना धन्याच्या बाजूनें व्हावी, अशी दक्षिणेची मागणी. अखेर पांच गुलाम म्हणजे तीन माणसें असा हिशेब ठरला. परदेशांतून गुलाम आणण्याचा व्यापार १८०८ पर्यंत काँग्रेसनें बंद करूं नये हेंही न्यू इंग्लंडमधील संस्थानांनीं पत्करलें, आणि त्याच्या मोबदल्यांत जहाजवाहतुकीचे कायदे साध्या बहुमतानें करण्याची मोकळीक मिळविली. पळालेला गुलाम धन्याच्या हवालीं करावा असें एक कलमही आलें. इतकें सारें ठरलें, पण त्या वेळच्या सबंध घटनेंत 'गुलाम' हा शब्द शोधूनही सांपडत नाहीं; जागोजाग 'इतर व्यक्ति', 'अशा व्यक्ति' असे सोंवळे शब्द योजले आहेत. शब्दाची लाज वाटली, सौद्याची वाटली नाहीं.

आतां विरोधकांकडे वळूं. त्यांतील पहिला मोठा माणूस त्या परिषदेंतच बसलेला होता. जॉर्ज मेसन हा व्हर्जिनियाचा जमीनदार, वॉशिंग्टनचा शेजारी आणि बहुत वर्षांचा स्नेही. १७७६ त व्हर्जिनियानें नागरिकांच्या हक्कांचा जो जाहीरनामा काढला तो मुख्यतः त्याच्या लेखणींतून उतरला होता. परिषद संपण्यास पांच दिवस उरले असतां, १२ सप्टेंबर रोजीं, त्यानें म्हटलें कीं या घटनेच्या आरंभीं हक्कांची सनद असावी. संस्थानांचे जाहीरनामे समोर ठेवले तर हें काम कांहीं तासांत होईल. मॅसॅच्युसेट्सच्या गेरीनें तसा ठराव मांडला, मेसननें अनुमोदन दिलें. कनेक्टिकटच्या शर्मननें उत्तर दिलें कीं संस्थानांच्या सनदा कायमच आहेत, त्या पुरेशा आहेत. सभासद चार महिन्यांच्या बैठकींनीं शिणलेले, प्रत्येकाला घरची ओढ लागलेली. ठरावाला एकाही संस्थानाचें मत पडलें नाहीं. या एका चुकीमुळें पुढें घटना बुडण्याची वेळ आली. आहे त्या स्वरूपांत या कागदावर सही करण्यापेक्षां मी माझा उजवा हात तोडून टाकीन, असें मेसन ३१ ऑगस्टलाच बोलून चुकला होता. १७ सप्टेंबरला ३९ जणांनीं सह्या केल्या तेव्हां तो, गेरी आणि रँडॉल्फ हे तिघे सही न करतां बसून राहिले.

येथें एक गोष्ट झांकून ठेवणें बरें नव्हे. मेसननें परिषदेंत गुलामांच्या व्यापाराची अत्यंत कठोर शब्दांत निंदा केली. परंतु तो स्वतः पुष्कळ गुलामांचा धनी होता, आणि पुढें व्हर्जिनियाच्या सभेंत, आमच्याजवळ आज असलेल्या गुलामांच्या मालकीला घटनेंत पुरेसें संरक्षण नाहीं, अशीही तक्रार त्यानें केली. माणसाच्या हक्कांचा हा कैवारी स्वतःच्या अंगणापर्यंत येऊन थबकत होता, आणि तो एकटाच तसा होता असें नाहीं.

घटना लोकांपुढें आली ती एका चमत्कारिक अटीसह. जुन्या करारनाम्याप्रमाणें तेराही विधिमंडळांची संमति लागत होती. नव्या घटनेनें स्वतःच ठरविलें कीं, प्रत्येक संस्थानांत खास निवडलेली सभा भरावी आणि अशा नऊ सभांनीं होकार दिला म्हणजे त्या नवांपुरती घटना सुरू व्हावी. हें जुन्या कायद्याला धरून आहे काय, असा विरोधकांचा सवाल होता. आणि कायद्याच्या दृष्टीनें तो बिनतोड होता असें मला वाटतें.

घाईही विलक्षण झाली. पेन्सिल्व्हानियाच्या विधिमंडळांत अशी सभा बोलाविण्याचा ठराव येतांच विरोधी सभासद बैठकीला येईनासे झाले, आणि ४६ ची गणसंख्या भरण्यास दोन माणसें कमी पडूं लागलीं. २९ सप्टेंबर रोजीं जमावानें मॅक्‌कॅल्मॉन्ट आणि मायली या दोघा सभासदांना त्यांच्या बिऱ्हाडांतून ओढीत आणून सभागृहांत बसविलें. मॅक्‌कॅल्मॉन्ट म्हणाला, गैरहजेरीचा काय असेल तो दंड घ्या आणि मला जाऊं द्या. त्याला जाऊं दिलें नाहीं. गणसंख्या भरली, ठराव पास झाला. स्वातंत्र्याच्या नव्या मंदिराचा एक दगड हा असा बसला! तरीही सर्वांत आधीं होकार देण्याचा मान डेलावेअरनें ७ डिसेंबरला मिळविला. वरिष्ठ गृहांत समान मत मिळालेल्या या लहानशा संस्थानाला हरकत घेण्याचें कारणच उरलें नव्हतें.

घटनेच्या पुरस्कर्त्यांनीं आणखी एक चतुराई केली. 'फेडरल' हा शब्द लॅटिनमधील तह या अर्थाच्या शब्दापासून आलेला. तो खरा शोभला असता संस्थानांचा तह टिकवूं पाहणाऱ्यांना. परंतु बलिष्ठ मध्यवर्ती सरकार मागणाऱ्यांनीं तोच शब्द आपल्या पक्षाला लावून घेतला, आणि उरलेल्यांच्या कपाळीं 'फेडरलविरोधी' हें नकारार्थी नांव आलें. नांव देणारा अर्धी लढाई जिंकतो. ज्यांच्याकडे बहुतेक छापखाने आणि शहरें होतीं त्यांना तें साधलेंही.

मग वृत्तपत्रांतून लेखांचा पाऊस पडूं लागला. हॅमिल्टन, मॅडिसन आणि जे या तिघांनीं 'पब्लिअस' या एकाच टोपणनांवानें न्यूयॉर्कच्या पत्रांत लिहिलेले ८५ लेख जगप्रसिद्ध आहेत. त्यांना उत्तर देणाऱ्या 'ब्रूटस'चे १६ लेख तितके वाचले जात नाहींत, आणि हा ब्रूटस कोण याबद्दल विद्वानांत एकमत नाहीं. त्याचें म्हणणें थोडक्यांत असें: एवढ्या अफाट मुलखावर प्रजासत्ताक राज्य कधीं टिकलेलें नाहीं. प्रतिनिधि थोडे, लोक असंख्य. प्रतिनिधीला लोक ओळखणार नाहींत आणि लोकांची नड प्रतिनिधीला कळणार नाहीं. कर बसविण्याची अमर्याद सत्ता आणि 'आवश्यक व योग्य' असे सर्व कायदे करण्याची मुभा ज्याच्या हातीं, तो हळूहळू संस्थानांना निर्जीव करून टाकील. आणि वरिष्ठ न्यायालय? त्यावर कोणाची देखरेख नाहीं; तें घटनेचा अर्थ लावतां लावतां मध्यवर्ती सत्तेच्या कक्षा वाढवीत नेईल. अमेरिकेचा पुढील दोनशें वर्षांचा इतिहास ज्यानें वाचला आहे त्याला हें भाकीत वाचतांना थोडें चपापल्यासारखें होतें.

मॅडिसनचें उत्तरही तोलामोलाचें होतें. त्यानें वाद उलटा फिरविला. लहान राज्यांत एखादा गट सहज बहुमत मिळवितो आणि उरलेल्यांना चिरडतो. राज्य विस्तीर्ण असेल तर हितसंबंध इतके नाना प्रकारचे होतात कीं कोणाही एकाला जुलमी बहुमत जमविणें कठीण पडतें. राज्याचा विस्तार ब्रूटसला रोग वाटत होता, मॅडिसननें त्यालाच औषध ठरविलें. आणि ३९ व्या लेखांत त्यानें मोकळेपणानें सांगितलें कीं ही घटना पुरती राष्ट्रीयही नव्हे आणि पुरती संघीयही नव्हे, दोहोंचें मिश्रण आहे. आज आपण ज्याला संघराज्य म्हणतों त्या नव्या जातीच्या राज्याचें हें पहिलें वर्णन होय. दोघांपैकीं कोण खरा ठरला असें मला कोणीं विचारलें तर मी म्हणेन, विस्ताराबाबत मॅडिसन, न्यायालयाबाबत ब्रूटस.

पण हक्कांच्या सनदेबाबत मॅडिसनच्या पक्षाजवळ चांगलें उत्तर नव्हतें. जें दिलेलें नाहीं तें लोकांपाशींच आहे, मग सनद कशाला, असें पेन्सिल्व्हानियाचा विल्सन म्हणे. हॅमिल्टन त्याच्याही पुढें गेला. अशी सनद नुसती अनावश्यक नव्हे तर धोक्याची आहे, असें त्यानें ८४ व्या लेखांत लिहिलें. वकिली युक्तिवाद म्हणून हें ठीक होतें. शेतावर राबणाऱ्या माणसाला मात्र तें पटेना.

हा शेतावरचा माणूस काय म्हणत होता हें ऐकावयाचें तर १७८८ च्या जानेवारींत बोस्टनला भरलेल्या सभेंत गेलें पाहिजे. साडेतीनशेंहून अधिक प्रतिनिधि, त्यांत कित्येक शेजच्या मुलखांतले. अमॉस सिंगलटरी नांवाचा एक म्हातारा उठला. तो म्हणाला, हे वकील, हे शिकलेले आणि पैसेवाले लोक गोड गोड बोलून आम्हां अडाण्यांच्या गळीं ही गोळी उतरवूं पाहतात; काँग्रेसमध्यें हेच जाऊन बसतील आणि मोठा मासा लहान माशांना गिळतो तसे आम्हांला गिळून टाकतील. त्याला उत्तर द्यावयाला हॅमिल्टनसारखा कोणी पंडित उठला नाहीं. उठला जोनाथन स्मिथ, तोही नांगर धरणारा शेतकरी. त्यानें सांगितलें: मी अंदाधुंदीच्या मुलखांतून आलों आहें. तेथें बंदुका छातीवर रोखल्या गेल्या, घरें धोक्यांत आलीं. एखादा जुलमी राजा येऊन शांतता देता तर आम्ही त्याच्याही मागें गेलों असतों. म्हणून मी ही घटना वाचली आणि मला तिच्यांत औषध दिसलें. कोणा वकिलाला मी विचारावयास गेलों नाहीं. दोघेही एकाच मातींतले, दोघांचेंही भय खरें. संघराज्याच्या वादांत अधिकारांच्या याद्या पुष्कळ सांपडतात. पण वाद मुळांत कशाचा होता हें या दोन भाषणांइतकें स्पष्ट मला दुसरीकडे कोठें दिसलेलें नाहीं. एकाला दूरच्या सत्तेचें भय, दुसऱ्याला सत्ताच नसण्याचें भय.

मॅसॅच्युसेट्सची सभा घटना फेटाळील असा रंग दिसूं लागला तेव्हां एक युक्ति निघाली. सभेचा अध्यक्ष गव्हर्नर हँकॉक संधिवाताचें कारण सांगून घरींच राहिला होता. त्यानें येऊन सुचविलें कीं, घटना बिनशर्त मान्य करावी, पण सोबत नऊ दुरुस्त्यांची शिफारस करावी. ६ फेब्रुवारीला १८७ विरुद्ध १६८ मतांनीं घटना संमत झाली. हरलेल्यांपैकीं कित्येकांनीं तेथेंच उठून जाहीर केलें कीं, आम्ही विरोधांत मत दिलें, आतां बहुमताचा निर्णय आम्ही मानूं आणि आपल्या गांवच्या लोकांनाही मानावयास सांगूं. पेन्सिल्व्हानियांतील ओढाताणीनंतर हें वाचतांना बरें वाटतें. यापुढें ज्या संस्थानांत लढत अटीतटीची झाली तेथें तेथें हाच मार्ग धरण्यांत आला.

व्हर्जिनियाची सभा जूनमध्यें रिचमंडला भरली. एका बाजूला पॅट्रिक हेन्री, त्या काळचा सर्वांत प्रभावी वक्ता. दुसऱ्या बाजूला मॅडिसन, प्रकृतीनें अशक्त, आवाज इतका बारीक कीं टिपणकारांना कित्येकदां ऐकूंच येत नसे. हेन्रीनें पहिल्याच भाषणांत घटनेच्या पहिल्या तीन शब्दांना हात घातला. 'आम्ही लोक' असें म्हणण्याचा अधिकार यांना कोणीं दिला? 'आम्ही संस्थानें' असें कां म्हटलें नाहीं? प्रश्न मर्मावर बसला होता. संस्थानांनीं करार केला असेल तर तें मोडूंही शकतील. लोकांनीं राज्य निर्माण केलें असेल तर तें एका संस्थानाच्या लहरीनें मोडतां येणार नाहीं. २४ जूनला हेन्री बोलत असतां मोठें वादळ होऊन सभागृह हादरलें आणि बैठक आटोपती घ्यावी लागली. त्याच्या चाहत्यांना तो ईश्वरी कौल वाटला असल्यास नवल नाहीं. दुसऱ्या दिवशीं ८९ विरुद्ध ७९ मतांनीं तो हरला. मतें पडण्यापूर्वींच त्यानें सांगून ठेवलें होतें कीं, हरलों तर मी शांततेनें नागरिक म्हणून राहीन आणि घटनेच्याच मार्गानें तिचे दोष काढण्यासाठीं झगडेन.

न्यूयॉर्कच्या सभेंत विरोधक ४६ आणि पुरस्कर्ते १९. तेथें मेलँक्टन स्मिथ नांवाच्या शांत, सरळ बोलणाऱ्या व्यापाऱ्यानें हॅमिल्टनला आठवडेच्या आठवडे खिळवून ठेवलें. प्रतिनिधिसभेंत मध्यम स्थितींतले, कष्ट माहीत असलेले लोक असावेत, नुसते बडे लोक नकोत, हा त्याचा आग्रह. मग बातम्या आल्या: न्यू हॅम्पशायर नववें, व्हर्जिनिया दहावें. आतां न्यूयॉर्कनें एकटें राहावयाचें काय? कांहीं मुदतींत दुरुस्त्या झाल्या नाहींत तर बाहेर पडण्याचा हक्क राखून आंत जाऊं, अशी तोड निघाली. हॅमिल्टननें मॅडिसनला विचारलें. मॅडिसनचें उत्तर आलें कीं अशी संमति संमतीच नव्हे. घटना पत्करावयाची ती संपूर्णपणें आणि कायमची. २६ जुलैला ३० विरुद्ध २७ मतांनीं न्यूयॉर्कनें होकार दिला. स्मिथनें होकाराच्या बाजूनें मत दिलें. मॅडिसनच्या त्या पत्रांतील शब्द १८६१ त दक्षिणेनें मानले नाहींत.

आतां विरोधकांना हरूनही काय मिळालें तें पाहूं. हेन्रीचें वजन व्हर्जिनियाच्या विधिमंडळांत मोठें होतें. वरिष्ठ गृहाच्या दोन्ही जागा त्यानें आपल्या पक्षाकडे खेंचल्या आणि मॅडिसनला कनिष्ठ गृहासाठीं जेम्स मन्रोशीं सामना करावा लागला. तेथें मॅडिसनला मतदारांना वचन द्यावें लागलें कीं मी हक्कांच्या दुरुस्त्या घडवून आणीन. १३०८ विरुद्ध ९७२ मतांनीं तो निवडून आला, आणि सांगण्यासारखी गोष्ट अशी कीं त्यानें वचन पाळलें. ८ जून १७८९ रोजीं त्यानें दुरुस्त्या मांडल्या. सहकारी कंटाळले होते. नव्या सरकारला जकातीचे आणि खात्यांचे कायदे करण्याची घाई होती. मॅडिसननें हट्ट सोडला नाहीं. काँग्रेसनें बारा दुरुस्त्या संमत केल्या. त्यांतील दहा संस्थानांनीं मान्य केल्या आणि १५ डिसेंबर १७९१ रोजीं त्या अंमलांत आल्या. धर्मस्वातंत्र्य, मुद्रणस्वातंत्र्य, सभास्वातंत्र्य, झडतीपासून संरक्षण, ज्यूरीचा न्याय हीं सारीं त्यांतील. उरलेल्या दोहोंपैकीं एक दुरुस्ती काँग्रेसच्या सभासदांच्या वेतनासंबंधीं होती. ती तशीच पडून राहिली आणि १९९२ सालीं, दोनशें दोन वर्षांहून अधिक काळानें, मान्य होऊन घटनेंत दाखल झाली!

दुरुस्त्या प्रतिनिधिगृहांतून पुढें सरकल्याचें कळल्यावर मेसननें लिहिलें कीं मला पुष्कळ समाधान झालें; आणखी दोनतीन झाल्या तर मी नव्या सरकारला आनंदानें हात आणि हृदय देईन. त्या झाल्या नाहींत. वॉशिंग्टननें १७९२ त एका पत्रांत त्याचा उल्लेख 'एके काळचा मित्र' असा केला, आणि त्याच वर्षीं मेसन वारला. ऱ्होड आयलंड १७९० च्या मेपर्यंत बाहेरच होतें. व्यापार तोडण्याची धमकी आल्यावर ३४ विरुद्ध ३२ मतांनीं तें आंत आलें.

विरोधकांना सारें कांहीं मिळालें असें नव्हे. कर बसविण्याच्या सत्तेला मर्यादा घाला, ही त्यांची मागणी मॅडिसननें सफाईनें बाजूला ठेवली. दहाव्या दुरुस्तीप्रमाणें संयुक्त सरकारला न दिलेले अधिकार संस्थानांकडे किंवा लोकांकडे राहिले. परंतु 'स्पष्टपणें न दिलेले' असें म्हणा, ही सूचना फेटाळली गेली. एका क्रियाविशेषणाचा काय तो फरक, पण १८१९ त सरन्यायाधीश मार्शलनें राष्ट्रीय बँकेच्या खटल्यांत नेमक्या याच गाळलेल्या शब्दावर बोट ठेवून मध्यवर्ती सत्तेचा विस्तार मान्य केला. उलट, संस्थानांनींही धर्म, मुद्रण आणि ज्यूरी यांचे हक्क मोडूं नयेत, अशी एक दुरुस्ती मॅडिसननें घातली होती आणि ती तो साऱ्या यादींत सर्वांत मोलाची समजत असे. वरिष्ठ गृहानें ती गाळली. त्यामुळें १८३३ त न्यायालयानें सांगितलें कीं हक्कांची सनद केवळ मध्यवर्ती सरकाराला बांधते. दक्षिणेंतील गुलामाला, किंवा गुलामगिरीविरुद्ध लिहिणाऱ्या संपादकाला, त्या सनदेचा उपयोग नव्हता. आणि संस्थानांचे हक्क हा शब्द उत्तरोत्तर गुलामांच्या मालकांची ढाल होत गेला. मेसन आणि हेन्री यांच्या पदरांत हेंही माप घालावें लागतें. हेन्रीनें 'आम्ही लोक' या शब्दांवर विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर १८६१ ते १८६५ या चार वर्षांच्या यादवी युद्धानें दिलें. मॅडिसनची गाळलेली दुरुस्ती १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीच्या रूपानें परत आली, आणि तिचा पुरा अर्थ न्यायालयांनीं विसाव्या शतकांत हळूहळू लावला.

हा सारा इतिहास आपल्या घटना समितीच्या डोळ्यांपुढें होता. १९४६ च्या डिसेंबरांत मांडलेल्या उद्दिष्टांच्या ठरावांत शेषाधिकार घटकांकडे ठेवण्याचा विचार होता. १९४७ च्या जूनमध्यें फाळणी ठरली आणि तो विचार मागें पडून बलवान केंद्राची योजना पुढें आली. तेथेंही तत्त्वापेक्षां प्रसंगच बलवत्तर ठरला. ४ नोव्हेंबर १९४८ रोजीं मसुदा मांडतांना डॉ. आंबेडकरांनीं 'फेडरेशन'ऐवजीं 'युनियन' शब्द कां घेतला तें सांगितलें: भारताचें संघराज्य घटकांच्या करारांतून जन्मलेलें नाहीं, म्हणून कोणत्याही घटकाला फुटून निघण्याचा हक्क नाहीं, संस्थानांना असा हक्क नाहीं हें सिद्ध करण्यासाठीं अमेरिकेला यादवी युद्ध करावें लागलें, तेव्हां तें आरंभींच स्पष्ट केलेलें बरें. नागरिकत्वही त्यांनीं एकच ठेवलें, अमेरिकेसारखें दुहेरी ठेवलें नाहीं. आणि १२ सप्टेंबर १७८७ रोजीं मेसननें जी मागणी केली होती, तिला आपल्या घटनेंत पहिल्यापासूनच तिसऱ्या भागाची जागा मिळाली. तो भाग केंद्राला आणि राज्यांना सारखाच बंधनकारक केलेला आहे.